गोव्यात पांढरा शेफर्ड सांभाळताना: पिल्लू आणण्यापासून पहिल्या चवथीपर्यंत

पांढरा शेफर्ड घेऊन रस्त्यावर निघालं की गोव्यात हमखास एक प्रश्न येतो, "ह्या उन्हात जगतो का हो हा?" जगतो. एप्रिल-मेमध्ये दुपारभर घरात पंख्याखाली ठेवला, फिरवण्याच्या वेळा पाळल्या, की ऊन निभावून नेता येतं. खरी परीक्षा जूनपासून सुरू होते. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या आपल्या राज्यात दारावरचा टॉवेल दोन दिवस वाळत नाही. मग बोटभर जाडीचा अंडरकोट, म्हणजे आतली दाट लव, अंगावर वागवणाऱ्या कुत्र्याचं काय होत असेल? पाळायचा विचार असेल तर मनाची तयारी उन्हापेक्षा ओलीची करा. खाली क्रमाने सांगतो. काही पायऱ्या दोन वाक्यांत संपतात, काहींवर मी मुद्दाम रेंगाळलो आहे.

१. नेमका कुठला पांढरा कुत्रा हवाय ते ठरवा

गुराढोरांशी नातं असलेल्या मोठ्या पांढऱ्या कुत्र्यांचे ढोबळमानाने दोन गट आहेत. एक राखणारे: ग्रेट पिरनीज, मरेम्मा, कुवाझ, अकबाश. हे कळपातच राहतात आणि लांडग्याच्या अंगावर जातात. रात्रीच्या अंधारात लांडगा आणि कुत्रा चटकन वेगळे ओळखू यावेत म्हणून धनगरांनी पांढरा रंग पसंत केला, असं सांगितलं जातं. दुसरे हाकणारे, म्हणजे माणसाच्या इशाऱ्यावर कळप वळवणारे. पांढरा शेफर्ड या दुसऱ्या घराण्यातला.

राखणाऱ्या गटातला कुत्रा गोव्यात आणू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ग्रेट पिरनीजचा नर पन्नास किलोच्या घरात जातो, त्याचा कोट बर्फासाठी घडलेला आहे आणि रात्रभर भुंकणं हे तो आपलं कर्तव्य समजतो. वाड्यावर चार घरं लागून असतील तर आठवड्यात तक्रार येईल. शिवाय मार्च २०२४ मध्ये केंद्राने राज्यांना जे पत्र पाठवलं, त्यातल्या 'धोकादायक' जातींच्या यादीत अकबाश आणि साऊथ रशियन शेफर्डही होते. कर्नाटक उच्च न्यायालयाने ते पत्र पुढे रद्द केलं, पण असा कुत्रा दारात बांधला की शेजाऱ्यांच्या कपाळावर आठ्या पडणारच.

पांढऱ्या शेफर्डचा इतिहास थोडक्यात. जर्मन शेफर्डचा मूळपुरुष मानला जाणारा होरांड, त्याचा आईकडचा आजोबा ग्रायफ पांढरा होता. म्हणजे हा रंग बाहेरून आलेला नाही, पहिल्यापासून घरातलाच आहे. माक्स फॉन स्टेफानित्झ यांनी १८९९ मध्ये जर्मनीत जर्मन शेफर्डची संघटना उभी केली, तेव्हाही पांढरी पिल्लं होत होती. १९३३ मध्ये तिथल्या मानकातून पांढरा रंग बाद झाला आणि ही कुत्री टिकली ती मुख्यतः अमेरिका-कॅनडात. १९६६ मध्ये अमेरिकेत जन्मलेला लोबो नावाचा नर पुढे स्वित्झर्लंडला गेला आणि तिथून युरोपातली नवी फळी उभी राहिली. स्वित्झर्लंडने १९९१ मध्ये स्वतंत्र जात म्हणून नोंद सुरू केली. एफसीआय या केनेल क्लबांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २००३ मध्ये तात्पुरती आणि २०११ मध्ये कायमची मान्यता दिली. एफसीआयच्या दप्तरी नाव व्हाइट स्विस शेफर्ड, मानक क्रमांक ३४७.

नर साधारण ५८ ते ६६ सेंटिमीटर उंच आणि ३० ते ४० किलोचा. मादी ५३ ते ६१ सेंटिमीटर, २५ ते ३५ किलो. डोळे गडद, नाक आणि ओठ काळे. पांढरा म्हणजे अल्बिनो अशी समजूत असेल तर ती सोडून द्या. नाक गुलाबी आणि डोळे फिके असलेलं पिल्लू "रेअर" म्हणून जास्त पैशाला कोणी गळ्यात मारू लागला, तर तिथून उठा.

२. घर बघा, मग घरातली माणसं बघा

जुनं कौलारू घर, उंच छत आणि हवा खेळती असलेली पडवी या कुत्र्याला मानवते. फ्लॅटमध्येही राहतो, मात्र मजला घसरडा नको. ग्रॅनाइट आणि चकचकीत टाइल्सवर वाढत्या पिल्लाचे मागचे पाय बाहेर फाकतात आणि खुब्याच्या सांध्यावर ताण येतो. जिथे तो उठतो-बसतो, वळतो, तिथे काथ्याची किंवा रबरी चटई टाका. पावसाळ्यात काथ्या ओल धरतो, तेव्हा रबरी बरी.

कंपाउंडला गेट हवं आणि ते बंद ठेवायची सवय घरातल्या प्रत्येकाला हवी. पोदेराची म्हणजे पाववाल्याची सायकल, मासळीवाली, कुरियरवाला, सगळ्यांसाठी दार सताड उघडं ठेवणाऱ्या घरात हा कुत्रा एके दिवशी रस्त्यावर बसलेल्या गायींना उठवायला जाणार.

आणि माणसं. या जातीची खोड म्हणा की गुण, तो एका माणसामागून दुसऱ्या माणसामागे घरभर फिरतो. तुम्ही मोरीत गेलात तर दाराबाहेर बसून राहतो. दिवसभर साखळीला बांधून संध्याकाळी तासभर लाड करायचे असतील तर ही जात घेऊ नका. एकटा पडला की रडतो, दारं कुरतडतो, नाही तर आतल्या आत मिटून जातो. जर्मन शेफर्डच्या मानाने तो मवाळ आहे, आवाज चढवला की कान पाडतो. पहारेकरी म्हणून त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. अनोळखी माणूस आला की भुंकून वर्दी देईल, बाकीचं तुम्ही बघायचं.

३. पिल्लू घेताना हे कागद मागा

भारतात पांढरं पिल्लू दोन वाटांनी मिळतं. एक खरोखर स्विस शेफर्डच्या नोंदणीचं, दुसरं जर्मन शेफर्डच्या विणीत निघालेलं पांढरं. दुसरं वाईट नसतं, पण जर्मन शेफर्डच्या मानकात पांढरा रंग बसत नाही. तेव्हा "प्युअर जर्मन शेफर्ड, शो क्वालिटी, व्हाइट" असं कोणी एका दमात म्हणाला तर त्यातलं एक तरी खोटं आहे. "इम्पोर्टेड लाइन" या शब्दालाही भुलू नका. पैदाशीसाठी व्यापारी तत्त्वावर परदेशातून कुत्री आणायला २०१६ मध्येच केंद्राने बंदी घातली आहे.

मागायचं ते असं: केनेल क्लब ऑफ इंडियाची नोंद आणि मायक्रोचिप क्रमांक, आईबापांच्या खुब्याच्या एक्स-रेची श्रेणी, ए किंवा बी असलेली, एमडीआर१ चाचणीचा अहवाल (ही भानगड काय ते सातव्या पायरीत), लसीचं पुस्तक. २०१७ च्या पैदास नियमांनुसार ब्रीडरची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. चाळीस दिवसांचं पिल्लू बेळगावहून बसच्या डिकीतून पाठवतो म्हणणाऱ्याला नमस्कार करा.

आई बघायला मिळालीच पाहिजे. माणूस बघून ती कोपऱ्यात सरकत असेल, शेपूट पोटाखाली घेत असेल, तर पिल्लं कितीही गोजिरवाणी असोत, घेऊ नका. या जातीत भित्रेपणा रक्तातून उतरतो आणि नंतर तो निस्तरताना नाकी नऊ येतात.

४. पहिले आठवडे: लस आणि कान

सहा ते आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांचा होईपर्यंत लसी. रेबीजची साधारण तिसऱ्या महिन्यात. गोवा २०२१ मध्ये रेबीज-नियंत्रित राज्य जाहीर झालं आहे, ते गल्लोगल्ली झालेल्या लसीकरणामुळे, तेव्हा आपण त्यात खंड पाडू नये. लेप्टोस्पायरोसिसची लस इथे कधीही टाळू नका. उंदीर, भातशेती आणि साचलेलं पाणी आपल्याकडे एकाच ठिकाणी असतं, आणि हा रोग माणसालाही होतो. पंचायतीत किंवा पालिकेत कुत्र्याची नोंदणीही याच काळात उरकून घ्या.

लसी पूर्ण होईपर्यंत पिल्लू जमिनीवर सोडता येत नाही म्हणून ते खोलीत कोंडून ठेवणं ही मात्र मोठी गफलत. साधारण तीन ते चौदा आठवडे या वयात जे दिसलं, ऐकलं ते आपलं, जे नाही ते परकं, असा हिशेब मेंदूत पक्का होतो. उचलून घ्या, मांडीवर घ्या, बाजारात उभे राहा. पोदेराचा पोंपों, देवळातली घंटा, चर्चच्या फेस्ताचे फटाके लांबून, मिक्सर, पत्र्यावर पडणारा पाऊस, हेल्मेट घातलेला माणूस, छत्री उघडणारी बाई. छत्रीवर जरा जास्त वेळ द्या. फटकन उघडणाऱ्या काळ्या छत्रीला भिणारा कुत्रा गोव्याच्या पावसाळ्यात चार महिने बाहेर पडायला तयार होत नाही.

५. अंडरकोट कोरडा ठेवा

इथे थांबून वाचा, बाकी लेख विसरलात तरी चालेल.

या कुत्र्याच्या अंगावर दोन थर असतात. वरचे केस लांब, जाडसर, पाणी निथळवणारे. आतली लव दाट आणि मऊ. पाऊस लागला की वरचा थर दहा-पंधरा मिनिटांत कोरडा वाटू लागतो आणि आपण फसतो. आतली लव तासन् तास ओली राहते. दमट हवेत त्वचेवरचे जंतू आणि यीस्ट तिथेच माजतात. आधी आंबूस वास येतो, मग कुत्रा एकाच जागी चाटू लागतो आणि एका रात्रीत तळहाताएवढा लालभडक, चिकट चट्टा उठतो. डॉक्टर त्याला हॉट स्पॉट म्हणतात. जुलै-ऑगस्टमध्ये दवाखान्यात लांब केसांची निम्मी कुत्री त्यासाठीच आलेली असावीत असं वाटतं.

कोरडं करायची पद्धत अशी. फिरून आल्यावर आधी पायांवरची लाल माती साध्या पाण्याने धुवा, शाम्पू नको. मग मायक्रोफायबरचा टॉवेल अंगावर दाबून पाणी शोषून घ्या. घासू नका, घासलं की लव गुंतते आणि गाठी होतात. दुसरा, कोरडा टॉवेल घेऊन पुन्हा तेच. त्यानंतर ब्लोअर, थंड किंवा कोमट हवेवर. माणसांचा हेअर ड्रायर गरम हवेवर लावलात तर कातडी भाजेल. केस उलट्या दिशेने फुंकत जा, म्हणजे लव फाकून कातडी दिसते.

झालं असं वाटलं की बोटांची मागची बाजू लवेत खुपसून बघा: कानामागे, मानेच्या पट्ट्याखाली, बगलेत, मांड्यांच्या मागच्या झुबक्यात आणि शेपटीच्या मुळाशी. गारवा लागला तर ते अजून ओलं आहे. बोटांच्या टोकांना हा गारवा कळत नाही, मागच्या बाजूला कळतो. शेपटीचं मूळ सगळ्यात शेवटी वाळतं आणि बहुतेक चट्टे तिथूनच सुरू होतात.

हे रोज करायचं आहे, दिवसातून दोनदा, चार महिने. म्हणूनच पावसात फिरवायची वेळ घड्याळावर ठरवू नका, उघडीप मिळाली की निघा. कुत्र्यांचे रेनकोट मिळतात. पाठ झाकणारा पातळ कोट चालतो, पण आत घाम धरणारा जाड प्लॅस्टिकचा घातला तर पावसाने भिजायचं ते वाफेने भिजेल. घरात आल्यावर पट्टा काढून ठेवा, तोही वाळवा. वीज गेली आणि ब्लोअर बंद, अशा दिवसांसाठी चार-पाच जुने सुती पंचे वेगळे राखून ठेवा.

आंघोळ महिना-दीड महिन्यातून एकदा पुरे. जास्त वेळा घातली तर कातडीवरचं तेल निघून जातं. शाम्पू कुत्र्यांचाच, आणि "व्हाइटनिंग" म्हणून मिळणारे तीव्र शाम्पू वारंवार वापरू नका. पांढऱ्या पायांवर तांबूस डाग दिसू लागले तर तो चिऱ्याच्या मातीचा रंग असेल किंवा सतत चाटल्याने लाळेचा. मातीचा डाग पावसाळा सरला की नव्या केसांबरोबर जातो. लाळेचा असेल तर तो का चाटतोय ते शोधा, बोटांच्या बेचक्यात बहुधा ओल सापडेल.

केस झडण्याबद्दल: थंड प्रदेशात वर्षातून दोनदा झडतात, आपल्याकडे बाराही महिने. अंडरकोट रेकने आठवड्यातून तीन-चारदा विंचरा. काळ्या साडीवर, आमटीत, लॅपटॉपच्या फटीत पांढरे केस सापडणार, हे घरातल्यांना आधीच सांगून टाका. आणि उन्हाळ्यात "मोकळं वाटेल" म्हणून मशीन फिरवून कुत्र्याला तासून काढू नका. वरचा थर उन्हापासून बचाव करतो. तो गेला की कातडी भाजते आणि केस परत येतात ते ठिगळाठिगळांनी.

६. ऊन आणि दमट उकाडा

कुत्र्याला घाम जवळजवळ नसतोच, तो जिभेवाटे अंग गार करतो. हवाच पाण्याने जड असली की धापा टाकूनही उष्णता बाहेर पडत नाही. म्हणून ३३ अंशांचा पणजीतला दिवस त्याला कोरड्या हवेतल्या त्याहून गरम दिवसापेक्षा जड जाऊ शकतो. फिरणं सूर्योदयाच्या सुमारास आणि दिवस मावळल्यावर. डांबरावर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवा, टेकवत नाही तर फिरवायचं नाही.

कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट. जीभ रुंद होऊन बाहेर लोंबतेय, हिरड्या गडद लाल, लाळ दाट आणि चिकट, चाल झोकांड्या खाणारी, असं दिसलं की दवाखान्याचा नंबर शोधत बसू नका. आधी अंगावर नळाचं पाणी ओता, पोटावर आणि मांड्यांच्या मध्ये, सोबत पंखा लावा. मग गाडीत एसी चालू करून न्या. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नका, त्याने उष्णता आत कोंडते.

७. गोचीड, आणि एक औषध जे सहज टोचलं जातं

आपल्याकडची तपकिरी गोचीड अंगणातल्या गवतापुरती राहत नाही. चिऱ्याच्या भिंतीच्या सांध्यात, दाराच्या चौकटीमागे, पलंगाच्या पट्टीत ती अंडी घालते आणि वर छपराकडे चढते. पांढऱ्या कुत्र्यावर ती लगेच दिसेल असं वाटतं, पण पोट फुगेपर्यंत ती लवेत लपलेलीच असते. कानांच्या आत, बोटांच्या मध्ये, पट्ट्याखाली आणि जांघेत रोज हात फिरवा. ब्लोअर चालू असताना कातडी दिसतेच, तेव्हाच बघून घेतलं की वेगळा वेळ काढावा लागत नाही.

गोचीडतापाची लक्षणं: खाणं सोडणं, ताप, हिरड्या फिक्या पडणं, लघवी काळ्या चहासारखी होणं, नाकातून रक्त. यातलं एकही दिसलं तर त्याच दिवशी रक्ततपासणी. गोचीडतापाचे बबेसिया आणि एर्लिकिया हे दोन्ही जंतू आपल्याकडे आहेत, वेळेत औषध मिळालं तर कुत्रा उठतो.

आता महत्त्वाचं. हाकणाऱ्या बऱ्याच जातींमध्ये एमडीआर१ नावाच्या जनुकात दोष आढळतो. कॉलीमध्ये तो सर्रास आहे, पांढऱ्या शेफर्डमध्येही लक्षात घेण्याइतका आहे. हे जनुक मेंदूच्या वेशीवर एक पंप चालवतं आणि आत शिरू पाहणारी काही औषधं बाहेर फेकतं. पंपच बिघडलेला असला की ती औषधं मेंदूत साचतात. त्यातलं सगळ्यात ओळखीचं नाव आयव्हरमेक्टिन. गुरांना ते सर्रास टोचलं जातं, कुत्र्यांना खरूज किंवा गोचीड झाली की त्यांनाही. साध्या गावठी कुत्र्याला ज्या डोसाने काही होत नाही, त्याने दोष असलेला शेफर्ड लाळ गाळत, थरथरत आडवा पडतो, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि तो बेशुद्धीत जाऊ शकतो.

हार्टवर्म, म्हणजे हृदयात होणारे जंत, रोखण्यासाठी महिन्याला दिली जाणारी अगदी कमी मात्रा अशा कुत्र्यांनाही चालते. धोका आहे तो खरजेसाठी देतात त्या मोठ्या मात्रेत. यादी इथेच संपत नाही. जुलाबावर आपण घरात ठेवतो ती लोपरामाइडची गोळी, भूल देताना वापरलं जाणारं एसेप्रोमाझिन, गाठींच्या उपचारातलं व्हिंक्रिस्टिन, हीसुद्धा जपून द्यायची औषधं. लोपरामाइड तर तुमच्या हातात आहे, ती देऊच नका.

उपाय सोपा आहे. गालाच्या आतून काडीने नमुना घेऊन एकदाच चाचणी करा, निकाल जन्मभर पुरतो. चाचणी होईपर्यंत दोष आहे असं धरून चाला. दवाखान्याच्या फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईत लिहून घ्या: "एमडीआर१, आयव्हरमेक्टिन नको." पणजीत टोंकच्या सरकारी पशुचिकित्सालयात जा की गावच्या खाजगी डॉक्टरकडे, सुई भरायच्या आधी हे तोंडानेही सांगा. "इतका मोठा कुत्रा आहे, काही होत नाही" असं ऐकायला मिळेल. तिथे भिडेखातर गप्प बसू नका. गोचिडीसाठी आता फ्लुरालानर, अफॉक्सोलानर अशा गोळ्या मिळतात, डॉक्टरांना त्याबद्दल विचारा. कुत्र्याला आधी कधी झटका आला असेल तर तेही सांगायचं. आणि घरात मांजर असेल तर परमेथ्रिन असलेली औषधं कुत्र्याला लावू नका, मांजरासाठी ती विष आहेत.

८. खाणं

ड्राय फूड देत असाल तर मोठ्या जातीच्या पिल्लांसाठीचं घ्या, आणि वर कॅल्शियमची पावडर घालू नका. हाडं मजबूत होण्याऐवजी वाकडी वाढतात. पावसाळ्यात वीस किलोचं पोतं स्वस्त पडतं म्हणून आणू नका, तोंड उघडल्यावर पंधरवड्यात बुरशी धरते. बुरशीचं विष यकृतावर जातं. लहान पिशवी, घट्ट झाकणाचा डबा.

घरचं द्यायचं तर भात, उकडलेली कोंबडी किंवा मासळी, भोपळा, अंडं. तारली आणि बांगडा केसांना उत्तम, फक्त मीठ-मसाल्याशिवाय उकडून काटे काढलेले. काटे काढायचा कंटाळा असेल तर मासळी देऊ नका. रोजचा आहार पूर्ण घरचाच असेल तर डॉक्टरांकडून तोलून घ्या. हुमणातलं (माशांच्या आमटीतलं) उरलेलं, कांदा-लसणाचं वाटण, शिजवलेल्या कोंबडीची हाडं, द्राक्षं, मनुका, चॉकलेट: बंद. दिवसातून दोनदा द्या आणि जेवणाच्या आगेमागे तासभर पळापळ नको. खोल छातीच्या कुत्र्यांत पोट फुगून पीळ पडतो, आणि मग काही तासांत शस्त्रक्रिया लागते. पोट ताणलंय, उलटीचा जोर करतो पण काही पडत नाही, असं दिसलं तर मध्यरात्र असली तरी निघायचं.

९. डोक्याला काम द्या

हाकणाऱ्या कुत्र्याला कळप नसला तर तो घरातलाच कळप करतो. मुलं अंगणात धावली की त्यांना वळसे घालतो, टाचेला दात लावतो, स्कूटरच्या चाकामागे लागतो. यात राग नसतो, पण चार वर्षांच्या मुलाला ते कळणार नाही. पिल्लू असतानाच टाचेकडे आलं की खेळ थांबवा, हातात दोरीचं खेळणं द्या. "थांब" आणि "सोड" हे दोन शब्द आधी, शेकहँड नंतर. घरातल्या सगळ्यांनी एकच शब्द वापरायचा. आजी "रांव" म्हणते, बाबा "स्टे" म्हणतात आणि मुलगा "थांब", मग कुत्र्याने करायचं काय?

पावसाळ्यात बाहेर पडणं कमी होतं तेव्हा नाकाला कामाला लावा. टॉवेलच्या घड्यांत खाऊ लपवा, घरातल्या माणसाला कपाटामागे लपवून शोधायला सांगा. वीस मिनिटांच्या वास-शोधाने तो जितका दमतो तितका तासभर चालूनही दमत नाही. वर्ष-दीड वर्षाचा होईपर्यंत जिने चढवणं, उड्या मारायला लावणं, गाडीबरोबर पळवणं टाळा.

१०. समुद्र, साप, बिबट्या

किनाऱ्यावर न्या, पण गळाचे आकडे, वाळूत पडलेला काटेरी फुगा मासा आणि जेलीफिश यांवर नजर ठेवा. फुगा मासा खाल्ला तर जिवावर बेतू शकतं. भटक्या कुत्र्यांचे आपापले हद्दीचे गट असतात, मोकळं सोडून शौर्य दाखवू नका. घरी आल्यावर खारं पाणी गोड्या पाण्याने धुवा आणि पाचव्या पायरीवर जा.

घोणस, नाग, मण्यार आणि फुरसं पावसाळ्यात अंगणात येतात. लाकडांचा ढीग भिंतीपासून लांब ठेवा, रात्री लघवीला सोडताना बॅटरी घेऊन स्वतः सोबत जा. दंश झाला तर जखम कापणं, बांधणं काही नको. उचलून न्या आणि निघण्यापूर्वी फोन करून सापाची लस आहे का ते विचारा. सत्तरी, सांगे, काणकोण, पेडणे या डोंगराळ भागांत राहत असाल तर कुत्रा रात्री घरात. बिबट्या अंगणातून कुत्रा उचलतो, आणि चांदण्यात पांढरा तर लांबूनही दिसतो.

११. पहिली चवथ

गणपतीत मूळ घरी जायचं आणि कुत्र्याला मागे ठेवायचं, ही वेळ प्रत्येकावर येते. शक्य असेल तर बरोबर न्या. या जातीला अनोळखी केनेलपेक्षा गर्दीचं घर परवडतं, फक्त गर्दीतून सुटायला त्याला एक खोली हवी. तिथे त्याची चटई, पाणी आणि पंखा. आरतीच्या वेळी झांजा आणि फटाके सुरू व्हायच्या आधीच त्याला आत घ्या, खिडक्या लावा.

माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर फळं-पानं टांगतात त्या चौकटीखाली, त्याला मोकळं सोडू नका. वर टांगलेली फळं खाली गळतात आणि त्यातली सगळीच खाण्याची नसतात. नेवऱ्यांच्या सारणात मनुका असतात, लहान मुलं प्रेमाने भरवतात, म्हणून घरातल्या मुलांना पहिल्याच दिवशी बसवून सांगा. काकी-मावश्यांनाही सांगा, त्या मुलांपेक्षा लवकर विरघळतात.

बॅगेत भरायचं: लसीचं पुस्तक, एमडीआर१ चं ते लाल शाईचं पान, थर्मामीटर, ब्लोअर, पंचे, गोचीड काढायचा चिमटा, आठवड्याचं खाणं. आणि निघण्याआधी मूळ गावाजवळच्या डॉक्टरांना फोन करून चवथीच्या दोन दिवसांत दवाखाना कधी उघडा आहे ते विचारून घ्या. बहुतेक बंद असतो. मग त्या दोन दिवसांसाठी कुणाकडे जायचं, तो दुसरा नंबर त्यांच्याकडूनच घ्या.